चौदा वेळा उत्तम

पंचवटी, नाशिक
२ डिसेंबर २०२४

चि. मोहिनीस,

अक्काचा आशीर्वाद. घ्यायचा की परत पाठवायचा ते तू ठरव, पाकीट तर फोडलंसच.

नऊ वर्षांनी पत्र आलं म्हणजे रडगाणं असेल असं तुला वाटलं असेल. तसं काही नाही. माझं तुझ्याकडे काम आहे. तू येवल्याच्या शाळेत तीस वर्षं ग्रंथपाल होतीस आणि आता मी झालेय. हसू नको. चौथी पास धोंडाबाई शाळेच्या ग्रंथालयात टेबल-खुर्ची घेऊन बसते, सोमवार ते शनिवार, दहा ते बारा. पगार नाही, चहा आहे. गळ्यात अडकवायचं कार्डसुद्धा दिलंय, फोटोसकट. फोटोत मी घाबरलेली दिसते पण ते जाऊ दे.

झालं असं की संतोषची धाकटी, मृण्मयी, सहावीत आहे. तिचं नाव लिहिताना मला मध्ये दोनदा थांबावं लागतं, म्हणून आम्ही मनू म्हणतो. जूनमध्ये ती डबा विसरून गेली. सरिता कामावर गेलेली, म्हणजे मग सासूनेच जायचं. मी डबा घेऊन शाळेत गेले तर पहिल्या माळ्यावर मोठ्या बाईंनी गाठलं. मालिनीबाई त्यांचं नाव, मुख्याध्यापिका. आवाज असा की खाली पटांगणातली पोरं रांगेत उभी राहतात. म्हणाल्या, "आजी, वाचता येतं का?"

मी म्हटलं, "येतं, पण घाई करायची नाही."

"इथे कोणालाच घाई नाही. ग्रंथपाल निवृत्त झाले, चार वर्षं कुलूप आहे. कोणी आजी-आजोबा दोन तास उघडून बसले तर बरं."

उघडलं तेव्हा आत कबुतरं होती आणि कसर लागली होती. मी आठ दिवस नुसती झाडलोट केली. कडुनिंबाचा पाला ठेवला. आणि मग, मोहिनी, मी काय केलं सांगू का? अकराशे चाळीस पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घातली. एकूण एक. जूनपासून दिवाळीपर्यंत. कडा अशा दुमडल्यात की नख जाणार नाही. वर रजिस्टरातला नंबर. आता कपाट उघडलं की डोळे निवतात, सगळी एका उंचीची नसली तरी एका रंगाची. तुला आठवत असेल, जूनमध्ये तुझ्या पुस्तकांना कव्हरं मीच घालायचे. माझी शाळा सुटली, कव्हरं काही सुटली नाहीत. आणि आई चुलीपाशी बसून तिच्या अहिराणीत म्हणायची, पुस्तक शे ते, हात धू आधी.

हं, तर काम. संस्थेला ती खोली कॉम्प्युटरसाठी हवीय. तीस जानेवारीला कमिटी येणार आणि ठरवणार. त्याआधी शिक्षकांचे अभिप्राय मागवले. चौदा शिक्षक आहेत. चौदा फॉर्म आले. "शाळेचे ग्रंथालय आपणांस कसे वाटते?" याच्या पुढे चौदा जणांनी लिहिलं, उत्तम. आणि माझ्या वहीत बघितलं तर जूनपासून वर्ग घेऊन शिक्षक आले फक्त दोनदा. त्यातही एकदा खालच्या वर्गात पाणी गळत होतं म्हणून.

मोठ्या बाई म्हणाल्या, "आजी, कमिटी तुमची वहीच बघणार. उत्तम आहे तर येत का नाहीत, हे मला कोणी सांगत नाही. तुम्ही काढा."

मी चार जणांना विचारलं. चौघं म्हणाले, उत्तम. आता मला सांग, स्वयंपाक उत्तम झालाय म्हणायचं आणि ताटाला हात लावायचा नाही, हे काय? माझं डोकं चालेनासं झालंय. तुझ्या शाळेत असं झालं होतं का? तू काय केलंस?

जुनं काही काढत नाही. त्या संक्रांतीला करंड्यातलं कुंकू संपलं होतं. तेव्हाही तुला तेच सांगितलं होतं, आजही तेच सांगते. असो.

अकराशे चाळीस म्हणजे कमी की बरी गं?

तुझी अक्का


१४ डिसेंबर

चि. मोहिनीस,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही, पण अक्षर तुझंच, त्या ळ ला अजून शेपूट आहे. मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा मनूने वाचून दाखवलं. "फॉर्मवर नाव असेल आणि तो फॉर्म वरिष्ठांच्या टेबलावर जाणार असेल, तर उत्तमशिवाय काय लिहितील? नाव न घालता चिठ्ठ्या टाकायला पेटी ठेवावी. अकराशे चाळीस बरी आहेत."

बरी आहेत म्हणालीस, मला बरं वाटलं.

पेटी म्हणून फराळाचा डबा ठेवला, झाकणाला सुरीने चीर पाडून. सरिता म्हणाली, "आई, माझा चिवड्याचा डबा." मी म्हटलं, शिक्षणासाठी गेला. आठ दिवसांनी उघडला. तीन चिठ्ठ्या. एकीत पंखा आवाज करतो असं. एकीत उत्तम. आणि तिसरं एसटीचं तिकीट, वणी ते नाशिक, ते कोणी का टाकलं देव जाणे, सप्तशृंगीला जाऊन आलं असेल कोणी.

मग मी लताबाईंना धरलं. लताबाई मराठी शिकवतात, सगळ्यांत जुन्या, एकतीस वर्षं झाली त्यांना. मी म्हटलं, तुम्ही का नाही टाकली चिठ्ठी? त्या म्हणाल्या, "आजी, माझं अक्षर अर्धं नाशिक ओळखतं. नाव घातलं काय आणि नाही घातलं काय." हे खरंय. त्या फळ्यावर सुविचार लिहितात तर छापल्यासारखा.

आता एक गंमत ऐक. मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत चहाचा कप ठेवायला गेले. दाराशी पोचले तर आतून आवाज.

"तुम्ही सांगा ना, मोठ्या आहात."

"मी नाही बाई. त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही."

"मग कोण सांगणार? कमिटी आली की आपल्यालाच धरतील."

मी आत गेले आणि सगळे एकदम चहा प्यायला लागले. गोरक्ष सरांच्या कपात तर चहा संपलेला होता, तरी पीत होते. गोरक्ष सर म्हणजे गणिताचे, पिंपळगावकडचे, बोलायला एकदम मोकळे. ते गप्प बसले म्हणजे बघ.

म्हणजे काहीतरी आहे. आणि ते मोठ्या बाईंबद्दल आहे, एवढं मला कळलं. सारखं वाटतं की कोणीतरी कोपऱ्यात काहीतरी झाकून ठेवलंय आणि मला नुसता वास येतोय. रात्री म्हाताऱ्या माणसांना झोप येत नाही ती दुखण्याने, मला याने येईना.

नाव घालून सांगत नाहीत, नाव न घालता सांगत नाहीत. मग माणूस सांगतो कधी गं?

आणि एक विचारते. तुझे दाजी गेले तेव्हा तू आली होतीस, तिसऱ्या दिवशी, संतोषला दारातच भेटून गेलीस. मी आत होते. तुला माहीत होतं ना मी आत होते?

तुझी अक्का


४ जानेवारी २०२५

चि. मोहिनीस,

तुझं दुसरं कार्ड. या वेळी वर "अक्का" लिहिलंय. नुसतं अक्का, पण लिहिलंय.

"दोन रकाने आखून भिंतीवर लावावेत. डावीकडे ते काय म्हणाले, उजवीकडे आपण काय केलं. ज्याने सांगितलं त्याला आठ दिवसांत उत्तर मिळालं पाहिजे. नुसतं ऐकून पेटीत ठेवायचं असेल तर विचारूच नये."

हे ग्रंथालयाबद्दलच लिहिलंयस ना? मी तसंच धरते.

आता ऐक, मला युक्ती सुचली. मनूच्या मैत्रिणीच्या मावशीचं लग्न होतं सिन्नरला, तिथे गेले होते. नवरी अशी लाजरी की मान वर करेना. सासरच्यांनी उखाण्याचा आग्रह केला तर पोरगी उठली आणि उखाण्यात सासूला सांगितलं की मला पहाटे उठवू नका. सगळ्यांसमोर. सासू हसली, मांडव हसला, कोणाला राग नाही आला. घरी साधं बोलली असती तर महाभारत झालं असतं. मी तिथेच पंगतीत बसल्या बसल्या ठरवलं. आपण शिक्षकांना बोलवायचं आणि प्रत्येकाने उखाण्यात गाऱ्हाणं सांगायचं.

संक्रांतीनंतरचा शनिवार, अठरा तारीख, सकाळची शाळा सुटल्यावर, ग्रंथालयातच. हळदीकुंकू आणि तिळगूळ. पुरुष शिक्षकांना तिळगूळ आणि अत्तर. मोठ्या बाईंना सांगितलं तर त्या चष्म्यावरून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "उखाण्यात अभिप्राय. संस्थेच्या फॉर्मात असा रकाना नाहीये." मग म्हणाल्या, "करा."

पण मग मला एक अडचण आली. हळदीकुंकू मी कसं बोलवू? मी लताबाईंना म्हटलं, बोलावणं तुमच्या नावाने करा, मी वड्या करते आणि मागे बसते. त्या म्हणाल्या, "का?" मी म्हटलं, "तुम्हाला माहीत नाही का?" त्या म्हणाल्या, "माहीत आहे. पण का?" या मराठीच्या बायका असंच विचारतात, उत्तर येत असलं तरी.

मोहिनी, मागच्या वर्षी सरिताने घरी हळदीकुंकू केलं. शेजारच्या बायका आल्या. मी आपण होऊन स्वयंपाकघरात जाऊन बसले. कोणी जा म्हटलं नाही. कोणी ये पण म्हटलं नाही. तीळ निवडायचे होते, ते निवडत बसले. निवडलेलेच तीळ परत निवडले. बाहेर बांगड्या वाजत होत्या. तेव्हा मला एक गोष्ट कळली, ती इथे लिहीत नाही.

आपल्याकडची तिळाच्या वडीची रीत आठवते का तुला? आई गूळ उतरवताना चिमूटभर काय टाकायची? मला आठवत नाहीये आणि विचारायला तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

तुझी अक्का


१८ जानेवारी, संध्याकाळी

मोहिनी,

वेलदोडा नाही, जायफळ. तू लिहिलंस म्हणून टाकलं आणि अगदी आईच्या हातची झाली. एका शब्दाचं कार्ड पाठवलंस, जायफळ. पोस्टमन मला म्हणाला, आजी, हे काय गुप्त निरोप आहे का?

तर आजचं सांगते. चौदापैकी तेरा आले, एकाच्या घरी सुतक होतं. मोठ्या बाई आल्या, करंडा त्यांच्या हातात. मी पेन्सिली आणल्या होत्या वाण म्हणून, बाईमाणसांना आणि पुरुषांनाही. गोरक्ष सर म्हणाले, "आजी, आयुष्यात पहिलं वाण मिळालं. बायकोला सांगितलं तर विश्वास ठेवणार नाही." मोठ्या बाईंनी ओळीने कुंकू लावलं. माझ्यापाशी आल्या. मी मान बाजूला केली, म्हटलं, मला नको बाई. त्या म्हणाल्या, "यजमानीणबाईंना वगळून कसं चालेल?" आणि लावलं. मी त्यांच्या हाताकडेच बघत होते. थांबेल, वळेल असं वाटलं होतं. थांबला नाही. तेवढंच असतं ते. अर्ध्या क्षणाचं काम.

मग मी म्हटलं, आता नाव घ्या, पण नवऱ्याचं-बायकोचं नको, गाऱ्हाण्याचं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. लताबाई उठल्या, घसा साफ केला.

"नाशिकची द्राक्षं गोड, सटाण्याचा कांदा,
वेळापत्रकात तास नाही, तिथेच सगळा वांदा."

असं हसू झालं. आणि मी म्हटलं, अरे, एवढी साधी गोष्ट? तास नाही? मोठ्या बाई म्हणाल्या, "तास मागितला कोणी?" लताबाई म्हणाल्या, "आत्ता मागितला." मग गोरक्ष सरांना जोर आला.

"तिळाच्या वडीवर खोबऱ्याचा कीस,
पोरं वाचायला बसली की भिंतीवर थापा पडतात वीस."

सगळे एकदम गार. कारण ग्रंथालयाच्या भिंतीला भिंत मोठ्या बाईंची खोली. पोरं जरा मोठ्याने बोलली की त्या पलीकडून भिंतीवर थाप मारतात. मला वाटायचं त्या खिळा ठोकतात. मी म्हणायचे, किती तसबिरी लावतात या बाई. मोठ्या बाईंनी वडीचा तुकडा तोंडात होता तो आधी संपवला. मग म्हणाल्या, "वीस नाही, चार-पाच असतील." गोरक्ष सर म्हणाले, "यमक जुळायला हवं होतं बाई." आणि त्या हसल्या, मोहिनी. चष्मा काढून हसल्या. मला वाटलं, झालं, सापडलं, हेच ते झाकून ठेवलेलं. मी इतकी खूश झाले की वड्यांचं ताट परत फिरवलं.

तेवढ्यात तेजश्री मॅडम उठल्या. विज्ञानाच्या, नवीन आहेत, ऑगस्टमध्ये आल्या, हळू बोलतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीकडे बघून म्हणाल्या,

"खाकी खाकी पुस्तकं, जशी पोलिसांची रांग,
त्यातलं माझं कोणतं, आजी तूच सांग."

कोणी हसलं नाही. मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "नंबर सांगा ना, मी लगेच काढून देते." त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही बारा वाजता जाता. माझा तास दोनला असतो." लताबाई जमिनीकडे बघत होत्या. गोरक्ष सर पेन्सिलीकडे. तेव्हा मला कळलं की त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही म्हणाले होते ते तोंड कोणाचं.

मी हसले. म्हटलं, "छान जमलाय उखाणा." सगळ्यांना वड्या बांधून दिल्या. घरी आले आणि जेवले नाही. सरिता म्हणते बरं वाटत नाही का. बरंच आहे मला.

अक्का


२४ जानेवारी

चि. मोहिनीस,

मागचं पत्र तसं अर्धवट टाकलं, तू काळजी केली असशील. केलीस ना? कार्ड लगेच आलं म्हणून म्हणते.

खरं सांगते, सोमवारी मी गेलेच नाही. किल्ली मनूजवळ दिली, मोठ्या बाईंना दे म्हटलं. जूनपासून दिवाळीपर्यंत अंगठा सुजेपर्यंत कागद दुमडले ते काय पोलिसांची रांग म्हणवून घ्यायला? अशा वेळी माणसाला आपलं वय आठवतं. मनू संध्याकाळी परत आली, किल्ली दप्तरातच. मी म्हटलं, दिली का नाहीस? ती म्हणाली, "आजी, तू विचारलंस म्हणून त्यांनी सांगितलं. आता तू रुसलीस तर परत सगळे उत्तमच लिहितील." अकरा वर्षांची आहे. मी तिला म्हटलं, जास्त शहाणपणा करू नको, हातपाय धू. पण ते डोक्यात राहिलं.

मंगळवारी मी मुद्दाम बारानंतर गेले. कुलूप काढून दार उघडं ठेवलं, पण आत बसले नाही, बाहेर बाकावर बसले, जपाची माळ घेऊन, म्हणजे कोणाला वाटेल आजी जप करतायत. मला बघायचं होतं की मी नसते तेव्हा आत काय होतं. गोरक्ष सर आले. त्यांना कोड्यांचं पुस्तक हवं होतं, आठवीसाठी. एक काढलं, उघडलं, ठेवलं. दुसरं. तिसरं. मी माळेवर मोजत होते. सतरा पुस्तकं उघडली त्यांनी. प्रत्येक परत नीट ठेवलं, कव्हरची कड दुमडली असेल तर सरळ केली. मग घंटा झाली आणि हात हलवत बाहेर आले. मी दिसले तर दचकले. म्हणाले, "आजी, कव्हरं मात्र उत्तम."

चौदा वेळा उत्तम म्हणजे काय ते मला तिथे बाकावर कळलं. ते पुस्तकांना नव्हतं, खोलीला नव्हतं. ते मला होतं. म्हातारीने एवढ्या मायेने केलंय, कोण मोडता घालणार. खोली गेली तरी चालेल पण आजीला वाईट वाटायला नको. चांगली माणसं आहेत, पण त्यांच्या चांगुलपणाने खोली बंद पडत होती.

मला तर हात लावला की कळतं कोणतं पुस्तक ते. जाडी, वजन, वास. मला वाटलं सगळ्यांनाच कळत असेल.

बुधवारी मोठ्या बाईंना म्हटलं, कव्हरं काढायची, आठ दिवस व्हायच्या आत. पाचवी ते नववी, एकेका वर्गाला एकेक कपाट. आणि काय सांगू तुला, कागद निघाला की आतून रंग. लाल, निळा, पिवळा. पोरं ओरडत होती, "आजी, यावर वाघ आहे," "आजी, हे चंद्रावरचं आहे." मी त्यांच्यामागे धावत होते बघायला. मी सगळी पुस्तकं हाताखालून घातली होती पण बघितलं एकही नव्हतं, कागद कापायच्या घाईत. एक निघालं ते नुसतं पक्ष्यांचं. तेजश्री मॅडमना द्यायला मी स्वतः दोन वाजता त्यांच्या वर्गात गेले. म्हटलं, "पोलीस गेले, चोर सापडला." त्या रडकुंडीला आल्या आणि म्हणाल्या, "आजी, रागावलात का?" मी म्हटलं, रागावले होते, दोन दिवस. आता आठवतही नाही. हे थोडं खोटं होतं.

पलीकडून एकदाही थाप आली नाही. मोठ्या बाईंनी त्यांचं टेबल दुसऱ्या भिंतीला, जिन्याकडे नेलंय. म्हणाल्या, तिकडे उजेड बरा आहे.

निघालेले खाकी कागद मी टाकले नाहीत. चिकटवून एक मोठा तक्ता केला, भिंतभर. मधोमध रेघ. लताबाईंच्या अक्षरात, डावीकडे "तुम्ही म्हणालात", उजवीकडे "आम्ही केलं". तास नाही, त्यापुढे आठवड्यात एक तास प्रत्येक वर्गाला. भिंतीवर थापा, त्यापुढे टेबल हलवलं. पुस्तक सापडत नाही, त्यापुढे कव्हरं काढली. ती शेवटची ओळ मी माझ्या हाताने लिहिली. वाकडी आलीय, राहू दे.

पंख्याचं अजून रिकामं आहे.

तुझी अक्का


३१ जानेवारी

चि. मोहिनीस,

काल कमिटी येऊन गेली. अध्यक्ष विश्वेशराव आणि दोघं. आले तेव्हा लताबाईंची सातवी आत होती, लोळून, बसून, एकमेकांच्या पाठीला टेकून वाचत. विश्वेशरावांना बसायला खुर्ची उरली नव्हती. माझी दिली तर म्हणाले, असू दे, आणि तक्त्यापाशी जाऊन उभे राहिले. पूर्ण वाचला. मग विचारलं, "पंख्याचं काय?" मी म्हटलं, "तिथे 'आम्ही केलं' हे तुम्ही म्हणायचं." मोठ्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच कपाट पुसायला लागले. पण आज सकाळी वायरमन आला. कॉम्प्युटर खाली खेळाच्या खोलीत ठेवणार, आणि ग्रंथालय वर्षभर बघू म्हणाले. वर्ष पुष्कळ आहे.

आता दुसरं.

आई-बापू कोणी नाही राहिलं, आपण दोघीच. माझ्याआधीची दोन गेली म्हणून माझं नाव धोंडा ठेवलं, दगड म्हणजे टिकेल. मी टिकले, मग आई-बापूंना धीर आला आणि तुझं नाव मोहिनी ठेवलं. मी लहानपणापासून असं समजत आले की दगडाचं काम टिकायचं, ऐकायचं नाही.

त्या संक्रांतीला तू येवल्याहून आलीस. तुझे यजमान, भाऊसाहेब, जाऊन पाच महिने झाले होते. पैठणीच्या चिंध्यांचे बटवे शिवून आणले होतेस, माझ्या घरी येणाऱ्या बायकांना वाण म्हणून. भिंतीपाशी बसलीस. मी ओळीने कुंकू लावत आले. तुझ्या अलीकडच्या बाईला लावलं आणि तुझ्यापाशी हात वळला, पलीकडच्या बाईकडे गेला. तू उठलीस. चपला घालताना विचारलंस, "अक्का, डबी माझ्यापाशी येऊन का वळली?" मी म्हटलं, कुंकू संपलं गं.

संपलं नव्हतं, मोहिनी. काठोकाठ भरलेलं होतं. बायका बघत होत्या, मला त्यांची लाज वाटली आणि तुझी वाटली नाही. मागच्या वर्षी तीळ निवडत बसले तेव्हा कळलं म्हणाले होते ना, ते हे.

आठ दिवसांत उत्तर द्यायचं असतं, तू लिहिलंस. मी नऊ वर्षं लावली. मनूकडून कागद मागून घेतला आणि रेघ मारली. इथे उतरवते.

मोहिनी म्हणाली: डबी माझ्यापाशी येऊन का वळली?

अक्काने केलं:

उजवीकडची जागा मोकळी ठेवलीय. मंगळवारी, चार तारखेला रथसप्तमी आहे, हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. सकाळच्या येवला गाडीने मी येतेय, ती जागा भरायला. करंडा घेतलाय, वड्याही घेतल्यात, जायफळाच्या. तेजश्री मॅडम त्या दिवशी माझे दोन तास बसणार आहेत.

तुला नको असेल तर दार उघडू नको, मी काही वाजवत बसणार नाही. ओट्यावर बसेन. मला आता सवय आहे, दहा ते बारा.

तुझी अक्का